ओठावरची खूण

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझा नातू इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो आला की आमच्या टीव्हीचा ताबा त्याच्याकडे जातो आणि माझ्या मालिका बंद पडतात. गेल्या दिवाळीत तो असाच व्हिडिओ गेम खेळत बसला होता आणि मी शेजारी करंज्यांच्या सारणासाठी खोबरं किसत होते. पडद्यावर पांढऱ्या झग्यातला एक तरुण कौलांवरून उड्या मारत चालला होता. मग त्याचा चेहरा जवळून दिसला, तसा नातवाने खेळ थांबवला आणि म्हणाला, "आजी, बघ ना. याच्या ओठावर अगदी तुझ्यासारखी खूण आहे."

माझ्या ओठाच्या उजव्या बाजूला एक जुना वण आहे. मी एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं. वर्गातली साठ मुलं रोज त्या वणाकडे बघत असणार, पण कधी कुणी विचारलं नाही. घरातही तो विषय निघत नसे. नातवाने मात्र जणू काही मानाची गोष्ट असावी तसं ते सहज म्हटलं. मी किसणी बाजूला ठेवली आणि विचारलं, "याला कशाने लागलं?" पुढचे चार दिवस त्याने मला खेळ समजावून सांगितला आणि मी त्याला थोडं शरीरशास्त्र. त्यातून जे हाती लागलं ते आज आपल्याला सांगणार आहे.

या खेळाचं नाव 'असॅसिन्स क्रीड'. युबिसॉफ्ट कंपनीच्या माँट्रियल इथल्या स्टुडिओने त्याचा पहिला भाग २००७ साली आणला. कल्पना अशी, की डेझमंड माइल्स नावाच्या तरुणाला पळवून नेऊन 'ॲनिमस' नावाच्या यंत्रावर झोपवतात. पूर्वजांच्या आठवणी वंशजांच्या शरीरात उतरलेल्या असतात आणि हे यंत्र त्या वाचू शकतं, असं खेळात मानलेलं आहे. पहिल्या भागात डेझमंड अल्ताइर या पूर्वजाचं आयुष्य जगतो. काळ ११९१ चा, तिसऱ्या धर्मयुद्धाचा. २००९ साली आलेल्या दुसऱ्या भागात तो एत्सिओ औदितोरे या दुसऱ्या पूर्वजाचं आयुष्य जगतो. हा एत्सिओ म्हणजे इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरातल्या एका पेढीवाल्याचा मुलगा, जन्म १४५९. नातवाने थांबवलेला चेहरा त्याचा होता.

गंमत अशी, की अल्ताइर, एत्सिओ आणि डेझमंड या तिघांच्याही ओठांवर, उजव्या बाजूला, एकाच जागी वण आहे. बाराव्या शतकातला एक, पंधराव्यातला दुसरा आणि एकविसाव्यातला तिसरा. नातू म्हणाला, "वंशपरंपरेने आली असेल, आजी."

इथे माझ्यातली बाई जागी झाली. बाई म्हणजे शाळेतली! त्याला सांगितलं, बाबा रे, जन्मखूण एक वेळ वारशात येईल, जखमेची खूण येत नाही. आपल्याकडे शेकडो वर्षं मुलींचे कान टोचतात. तरी आजवर एकही मुलगी टोचलेले कान घेऊन जन्माला आलेली नाही. जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट वाइसमान याने १८८० च्या दशकात उंदरांच्या पिढ्यान्‌पिढ्या शेपट्या कापून पाहिल्या. पुढच्या प्रत्येक पिढीची पिल्लं पूर्ण शेपटी घेऊनच जन्मली. शरीरावर आयुष्यात जे घडतं ते बीजापर्यंत पोचत नाही. तेव्हा तिघांचा वण सारखा असणं हे जीवशास्त्र नव्हे, ती गोष्ट सांगणाऱ्याने केलेली खूण आहे. हिंदी सिनेमात जत्रेत हरवलेले भाऊ दंडावरच्या गोंदणावरून किंवा अर्ध्या लॉकेटवरून ओळखू येतात ना, तशीच. आठशे वर्षांच्या अंतरावरची ही माणसं एकाच धाग्यातली आहेत, हे खेळणाऱ्याला एकही शब्द न बोलता कळावं, म्हणून ती योजलेली आहे.

मग ती ओठावरच का? कपाळावर का नाही, भुवईवर का नाही? इतर खेळांतल्या नायकांच्या खुणा बहुधा तिथेच असतात. १९९९ मधल्या 'फायनल फँटसी' मालिकेच्या आठव्या भागात स्क्वॉल नावाच्या नायकाच्या दोन डोळ्यांच्या मधोमध तलवारीचा तिरका वार आहे. 'गॉड ऑफ वॉर'मधल्या क्रेटॉसच्या उजव्या डोळ्यावरून वण गेलेला आहे. याचं उत्तर मला पडद्याकडे बघता बघता सापडलं. या खेळातले वीर डोक्यावरून टोपडं पुढे ओढून वावरतात. त्याच्या सावलीत कपाळ आणि डोळे बहुतेक झाकले जातात. उजेडात राहतात ते फक्त ओठ आणि हनुवटी. ओळखीची खूण करायची तर तिला दुसरी जागाच उरत नाही.

पण ही झाली चित्रकाराची सोय. खुणेचा अर्थ तेवढ्यावर संपत नाही. एत्सिओला ती कशी झाली ते खेळाच्या सुरुवातीलाच दाखवलं आहे, आणि तेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

साल १४७६. फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीवर पोन्ते वेक्कियो नावाचा जुना पूल आहे. तो आजही उभा आहे. रात्रीची वेळ. एत्सिओ सतरा वर्षांचा. पुलावर एका बाजूला तो आणि त्याचे मित्र, दुसऱ्या बाजूला पात्सी घराण्यातला विएरी आणि त्याची टोळी. पात्सी हे घराणं इतिहासातलं खरं, खेळातली ही मारामारी मात्र काल्पनिक. कारण काय, तर तरुण पोरांची खुन्नस. तिकडून एक दगड येतो आणि एत्सिओचा ओठ फोडतो. हाणामारीत त्याचा थोरला भाऊ फेदेरिको येऊन सामील होतो. सगळं निवळल्यावर फेदेरिको भावाचा ओठ बघतो आणि वैद्याकडे चल म्हणतो. वैद्याला द्यायला पैसे नाहीत, तर मार खाऊन पडलेल्यांच्याच खिशातून काढ, असंही तोच सुचवतो! ओठावर उपचार झाल्यावर दोघं भाऊ शर्यत लावून सान्ता त्रिनिता चर्चच्या माथ्यावर चढतात आणि तिथून झोपलेलं शहर बघत बसतात. आपलं आयुष्य किती चांगलं आहे, असंच राहू दे, अशा अर्थाचं काहीतरी बोलतात.

त्याच वर्षी एत्सिओचे वडील, फेदेरिको आणि तेरा वर्षांचा धाकटा भाऊ पेत्रुच्चो यांना शहराच्या मुख्य चौकात फासावर चढवलं जातं. एत्सिओ गर्दीतून धावत येतो, पण वेळेवर पोचत नाही. तिथून पुढे सूडाची आणि शोधाची सगळी कथा सुरू होते.

आता त्या वणाकडे पुन्हा बघा. पुढे या माणसाच्या हातून मोठमोठी कामं होतात, पण चेहऱ्यावर जन्मभर राहिलेली ही खूण त्यांपैकी एकाचीही नाही. ती आहे गल्लीतल्या एका पोरकट मारामारीची. थोरला भाऊ जिवंत होता, हसत होता, दवाखान्यात घेऊन गेला होता, त्या रात्रीची. भावाची दुसरी कुठलीही वस्तू त्याच्याजवळ उरली नसती तरी आरशात बघताना ही रात्र त्याला दिसलीच असती. माझ्या समजुतीप्रमाणे त्या खुणेचा अर्थ हा आहे.

इथे थोडं शरीरशास्त्र सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. जखम झाली की प्रथम रक्त साकळतं. मग पांढऱ्या पेशी येऊन साफसफाई करतात. त्यानंतर दुसऱ्या पेशी कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे विणायला लागतात. हे विणकाम घाईचं असतं. मूळ कातडीत धागे टोपलीच्या विणीसारखे सगळ्या दिशांनी गेलेले असतात. वणामध्ये ते बहुतेक एकाच दिशेने ओढून बसवलेले असतात. म्हणून वण वेगळा दिसतो. आधी तो लालसर असतो, काही महिन्यांनी फिका पडत जातो. त्यात केस उगवत नाहीत, घाम येत नाही. त्याची ताकद मूळ कातडीच्या साधारण ऐंशी टक्क्यांपर्यंत जाते, त्याहून पुढे कधीच जात नाही. ओठाचं काम तर आणखी अवघड. ओठाचा लाल भाग आणि कातडी यांच्यामधली जी कड असते, ती शिवताना एक मिलिमीटर जरी वरखाली झाली तरी समोरच्याच्या नजरेत भरते. म्हणून शल्यचिकित्सक पहिला टाका त्या कडेवर घालतात.

पण मुलांना शिकवताना मला सगळ्यात नवल वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. आपल्याला वाटतं, वण म्हणजे संपलेलं काम, भिंतीतल्या बुजवलेल्या भगदाडासारखं. तसं नाही. त्यातलं कोलॅजेन सतत झिजतं आणि सतत नवं विणलं जातं. या विणकामाला क जीवनसत्त्व लागतं. अठराव्या शतकात महिनोन्‌महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांना ताजी फळं-भाज्या मिळत नसत आणि स्कर्व्ही व्हायचा. १७४० मध्ये निघालेल्या जॉर्ज अँसन याच्या जगप्रवासाच्या वृत्तांतात एका खलाशाची हकिगत आहे. १६९० च्या बॉइनच्या लढाईत त्याला जखमा झाल्या होत्या. पन्नास वर्षं त्या भरलेल्या होत्या. स्कर्व्ही झाल्यावर त्या पुन्हा उघडल्या, जणू कधी भरल्याच नव्हत्या. म्हणजे शरीर आपली प्रत्येक जुनी जखम रोज नव्याने शिवत असतं. आपल्याला कळतही नाही. आठवणींचंही बहुधा असंच असावं.

आता वणाच्या सामाजिक अर्थाकडे येऊ. सिनेमात एखाद्याच्या गालावर आडवा वण दिसला की हा गुंड, हे आपण मध्यंतराआधीच ओळखतो. हा केवळ आपला समज नाही. २०१७ साली अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी त्यांच्याकडच्या दहा सर्वांत गाजलेल्या सिनेखलनायकांचे चेहरे तपासले. त्यातल्या सहा जणांच्या त्वचेवर वण, सुरकुत्या, टक्कल असं काही ना काही ठळकपणे दाखवलेलं होतं. याचा त्रास खऱ्या माणसांना होतो. भाजलेल्या, अपघातात सापडलेल्या मुलांना शाळेत खलनायकांच्या नावांनी चिडवतात. म्हणून ब्रिटनमध्ये 'चेंजिंग फेसेस' या संस्थेने मोहीम चालवली, आणि २०१८ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने जाहीर केलं, की दुष्टपणाची खूण म्हणून चेहऱ्यावर वण दाखवणाऱ्या चित्रपटांना आम्ही पैसे देणार नाही.

आणि तोच वण दुसरीकडे भूषण ठरतो. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतले विद्यार्थी तलवारीची द्वंद्वं खेळत आणि गालावरची खूण अभिमानाने मिरवत. वण तोच; बघणाऱ्याने आधी काय ठरवलं आहे, त्यावर त्याचा अर्थ ठरतो. खेळांतल्या नायकांचे वण बघितले तर तेही मापात असतात. बारीक, स्वच्छ, चेहऱ्याला थोडा रुबाब आणतील इतकेच. बाईच्या बाबतीत तर आणखी जपून. नातवाने मला २०१५ च्या 'विचर' मालिकेतल्या तिसऱ्या भागातली सिरी दाखवली. आंद्रेय सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या कादंबऱ्यांमध्ये तिच्या गालावरचा वण चेहरा विद्रूप करणारा आहे. खेळात त्याची नीटस रेघ झाली आहे.

एत्सिओच्या काळातल्या खऱ्या इटलीत काय होतं? उर्बिनोचा ड्यूक फेदेरिको दा मोन्तेफेल्त्रो (एत्सिओच्या भावाचंच नाव) याने १४५० साली भाल्यांच्या खेळात उजवा डोळा गमावला आणि चेहऱ्याची ती बाजू विद्रूप झाली. पिएरो देल्ला फ्रांचेस्का याने काढलेलं त्याचं प्रसिद्ध चित्र फ्लॉरेन्सच्या उफीत्सी संग्रहालयात आहे. लाल टोपी, बाकदार नाक आणि फक्त डावी बाजू. त्याची चित्रं बहुतेक सगळी डावीकडूनच काढलेली आहेत. उजवी बाजू जगाने बघायचीच नाही. योगायोग असा, की १४७८ साली पात्सींनी मेदिची घराण्याविरुद्ध जो खरा कट केला, ज्यात जुलियानो मेदिचीला कॅथीड्रलमध्ये भोसकून मारलं आणि त्याचा भाऊ लोरेंत्सो मानेवर जखम घेऊन निसटला, त्या कटात या ड्यूकचाही हात होता. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचं एक सांकेतिक पत्र उलगडलं, तेव्हा ते उजेडात आलं. झाकलेली बाजू फक्त चेहऱ्याला होती असं नाही!

याच फ्लॉरेन्समध्ये काही वर्षांनी शिल्पकला शिकणाऱ्या एका पोराच्या नाकावर बरोबरच्या विद्यार्थ्याने ठोसा मारला. नाक मोडलं ते जन्मभर तसंच राहिलं. तो पोरगा म्हणजे मायकेलअँजेलो. तेव्हा तरुणपणीच्या भांडणाची खूण म्हातारपणापर्यंत वागवणं, ही खेळवाल्यांची कल्पना वाटली तरी त्या शहराला ती नवी नाही.

मोन्तेफेल्त्रोचं चित्र नातवाच्या फोनवर बघितलं आणि मी उठून कपाटातून माझा एक फोटो काढून आणला. १९७४ सालचा, स्थळांना पाठवण्यासाठी काढलेला. फोटोग्राफरने आईच्या सांगण्यावरून मला तिरकं बसवलं होतं. फोटोत माझी फक्त डावी बाजू आहे. त्या फोटोवरून तीन स्थळं बघायला आली. समोर बसल्यावर त्यांची नजर ओठावर जायची आणि "कळवतो" म्हणून ती मंडळी उठायची. पुढे माझं लग्न झालं, संसार चांगला झाला, तक्रार काही नाही. पण ओठावरची खूण म्हणजे उणेपणा, हा अर्थ त्या फोटोने माझ्या मनात पक्का करून टाकला होता.

नातवाने विचारलं, "पण आजी, तुला लागलं कशाने?" इतक्या वर्षांत मी कुणाला सांगितलंच नव्हतं.

मी आठ वर्षांची होते. गावी देवळामागच्या मैदानात माझा थोरला भाऊ आणि त्याचे मित्र विटीदांडू खेळत होते. मला खेळायला घेत नव्हते म्हणून मी हट्टाने पुढे जाऊन उभी राहिले. दादाने विटी कोलली ती थेट माझ्या ओठावर. त्याने सदरा काढून माझ्या तोंडावर दाबला, मला सायकलच्या नळीवर बसवलं आणि तीन मैलांवरच्या दवाखान्यात नेलं. तो तेव्हा तेरा वर्षांचा होता. वाटेत मी रडत होते आणि तो माझ्याहून मोठ्याने रडत होता. डॉक्टरांनी चार टाके घातले. कड थोडी वरखाली बसली. परतताना दादाने खिशातल्या सगळ्या पैशांची लिमलेटची गोळी घेतली आणि ओठ सुजल्यामुळे मला ती खाता येईना, म्हणून गोळी हातात धरून मी घरी आले.

दादाने त्यानंतर दांडू हातात घेतला नाही. मला बघायला पाहुणे आले की तो मागच्या दारी विहिरीवर जाऊन उगाचच पाणी शेंदत बसे. आम्ही दोघं त्याविषयी कधी एक अक्षर बोललो नाही. त्याला वाटत राहिलं की आपण बहिणीचं नुकसान केलं. आणि मी कधी सांगितलं नाही, की त्या दुपारी सायकलवर, त्याच्या रडण्याने, मला किती सुरक्षित वाटलं होतं. दादा जाऊन नऊ वर्षं झाली.

सगळं ऐकून नातू थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे ही मामाआजोबांची खूण आहे."

त्याचं म्हणणं बरोबर आहे. मला हे कळायला साठ वर्षं लागली, आणि कळलं ते एका परक्या शहरातल्या, कधी न जन्मलेल्या मुलामुळे. २०११ साली आलेल्या भागात तोच एत्सिओ पन्नाशी ओलांडलेला दिसतो. दाढी पिकायला लागलेली आहे, चेहरा थकलेला आहे. वण मात्र तिथेच आहे, पहिल्या दिवसासारखा. आता मी तो बघते तेव्हा मला पूल दिसतो, आणि दगड मारणाऱ्यापेक्षा दवाखान्यात नेणारा भाऊ दिसतो.

आपल्यापैकी कुणाच्या चेहऱ्यावर अशी जुनी खूण असेल, तर ती कशी झाली ते घरातल्या लहानांना एकदा सांगून ठेवा. ती वारशात जात नाही, हे वाइसमानने दाखवून दिलंच आहे. गोष्ट मात्र सांगितली तर जाते. आणि ज्याच्यामुळे ती झाली ते माणूस अजून असेल, तर आधी त्याला सांगा. मला ते जमलं नाही.